सरकारी नोकरी, अर्ज आणि सीव्ही : तुमचे अनुभव लिहा

ऐरोलीकर : भाच्याने काल रात्री व्हॉट्सॅपवर सीव्ही पाठवला, मामा जरा बघून दे, सरकारी जॉबला टाकायचाय. निळी पट्टी, गोलात फोटो, आणि भाषा या सदरात मराठीला पाचपैकी चार स्टार. अरे आई ठाण्याची, बाप चिपळूणचा, एक स्टार सांडला कुठे? हसलो, आणि मग एकदम जुनं सगळं आठवलं. सेवायोजन कार्यालयाचं ते कार्ड, वेळेवर रिन्यू केलं नाही तर सिनियॉरिटी गेली. आमच्या चाळीत 'कॉल आला का' हे 'जेवलास का'च्या आधी विचारायचे. रोजगार समाचार तिघांत एक घ्यायचो आणि ज्याच्याकडे पहिला जाईल तो आपल्या कामाची जाहिरात कापून घ्यायचा, मग मागच्या पानावरची दुसऱ्याच्या कामाची जाहिरातही गेली! मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन सहीसाठी गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायचं. आणि सीव्ही वगैरे कुठला, बायोडेटा, तोही कोर्टनाक्यावरच्या टायपिस्टकडून, कार्बन घालून तीन प्रती.

आता खत कारखान्यातून रिटायर होऊन घरी बसलोय. भाच्याला काय सांगू? एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन, बँका, सगळीकडे ऑनलाइन फॉर्म, त्याचा हा निळा कागद बहुतेक ठिकाणी कोणी मागणारच नाही. मग लागतो तरी कुठे? तुमचे काय अनुभव, जाहिरात कुठे सापडली, काय लिहिलंत, मुलाखतीत काय विचारलं, सगळं लिहा.

खाडीकाठची : लागतो की काका! कंत्राटी पदं, प्रोजेक्टवरची पदं, वॉक-इन, तिथे सीव्हीच बघतात. मी एका सरकारी संशोधन संस्थेत अॅडमिनला आहे, अर्जांची छाननी आमच्याच टेबलावर होते म्हणून सांगते. जाहिरातीत 'आवश्यक अर्हता' म्हणून जे असतं ना, आम्ही तेच हातात घेऊन एकेक टिक करत जातो. डिग्री, पास झाल्याचं वर्ष, टक्के, असेल तर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, हे पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. अनुभव '३ वर्षे' असा मोघम नको, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा, कारण जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंतचाच मोजतो, बहुतेक वेळा ती अर्जाची शेवटची तारीख असते. पंधरा दिवस कमी पडले तरी बाद, वाईट वाटतं पण इलाज नाही. अनुभवाच्या दाखल्यावर पदनाम आणि कामाचं स्वरूप हवं, नुसतं 'आमच्याकडे कामाला होते, वर्तन चांगले' याचा उपयोग शून्य. सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढून लिहा. आणि जाहिरातीसोबत नमुना अर्ज दिला असेल तर तोच भरायचा, सीव्ही त्याच्या मागे जोडायचा. आपला सुंदर सीव्ही पाठवून नमुना गाळणारे ढिगाने असतात. ईमेलच्या विषयात जाहिरात क्रमांक आणि पदाचं नाव. फाइलचं नाव 'न्यू सीव्ही फायनल फायनल २' असं येतं तेव्हा मी आणि शेजारच्या मॅडम एकमेकींकडे बघतो फक्त.

कुकर झाला, बाकी नंतर.

घोडबंदरचा_ट्रॅफिक : चार स्टार 😂😂 भाचा प्रामाणिक आहे, एक स्टार शुद्धलेखनाचा कापला असणार.

वागळे_इस्टेट : आम्हाला कोणी सीव्ही विचारला नाही बाबा. आयटीआय फिटर, मग रेल्वेच्या वर्कशॉपला ॲप्रेंटिस. रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालची श्रेणी) भरतीत २० टक्के जागा कोर्स कम्प्लीट केलेल्या ॲप्रेंटिसना असतात हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, आयटीआय झालं की लगेच कंपनीत कंत्राटावर घुसतात आणि ॲप्रेंटिसशिपचा स्टायपेंड कमी म्हणून नाक मुरडतात. परीक्षा द्यावी लागते, आपोआप काही मिळत नाही, पण गर्दी कमी. धाकटा भाऊ ओपन भरतीतून गेला, त्याला ३५ किलो वजन उचलून २ मिनिटांत १०० मीटर, आणि ४ मिनिटं १५ सेकंदांत १००० मीटर धावायचं होतं. हा रोज पहाटे वाळूची गोणी खांद्यावर टाकून उपवनला पळायचा. फिरायला येणारे आजोबा विचारायचे, घर बदलताय का?

नेरुळची_सून : माझा विषय कागदपत्रं. लग्नानंतर बँकेचा फॉर्म भरायला घेतला तर सासरचे सगळे म्हणे नवऱ्याचं उत्पन्न जास्त आहे, आता तुला नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे ओबीसी आरक्षणासाठी उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, मिळणार नाही. नवरापण तेच म्हणतो! शेवटी कचेरीतल्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं, ते आईवडिलांवरून ठरतं, नवऱ्यावरून नाही. मुलींनो हे लक्षात ठेवा, घरी कोणी काही म्हणू दे. दुसरं, सेतूमध्ये नुसतं नॉन-क्रीमीलेयर म्हटलं की राज्याच्या नमुन्यातलं हातात पडतं, बँक, एसएससी, रेल्वे यांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, ते वेगळं मागायचं. नाव बदलायची घाई पण करू नका, दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच नाव सगळीकडे चालू दिलं की निम्मी डोकेदुखी संपते, बदललंच तर राजपत्र आणि लग्नाचा दाखला फाइलला हवा.

आणि आयबीपीएसच्या (बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) फॉर्मला एक डिक्लेरेशन हाताने इंग्रजीत लिहून स्कॅन करायचं असतं, ते कॅपिटल अक्षरांत चालत नाही. बाळ मांडीवर, कागद पाटावर, माझं अक्षर बघून सासूबाई म्हणाल्या डॉक्टर व्हायला हवं होतंस 🙈

मुरबाडी_आंबा : कचेरीच्या चकरा म्हणजे आपल्याला एकच फायदा, मामलेदार मिसळ. दाखला मिळो न मिळो.

घोडबंदरचा_ट्रॅफिक : मीडियम की तिखट?

मुरबाडी_आंबा : हा काय प्रश्न झाला का. बरं विषयावर येतो. एमपीएससीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा अर्जात मूळ गाव मुरबाड लिहिलेलं, पॅनेलवरच्या मॅडमनी तोच धागा धरला. बारवी धरण कोणाचं? म्हटलं एमआयडीसीचं. मग पाणी कुठे जातं, गावाला किती आणि कारखान्यांना किती, विस्थापितांचं काय, ठाणे जिल्ह्यातून पालघर कधी वेगळा झाला (१ ऑगस्ट २०१४). पदवी मेकॅनिकलची, त्यावर एक प्रश्न नाही! वर्षभर चालू घडामोडी घोकल्या आणि विचारलं काय तर आमच्या नळाचं पाणी. त्यामुळे फॉर्ममध्ये गाव, छंद, आधीची नोकरी, जे जे लिहाल त्याची प्रश्नपत्रिका तुम्हीच काढताय असं समजा. ट्रेकिंग लिहिलंय? मग सह्याद्री बेसॉल्टचा कसा झाला ते वाचून जा.

थर्मो_नको_रे : केंद्राच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. तिथे लेखी आणि कौशल्य चाचणी, विषय संपला. पीएसयूत, म्हणजे सरकारी कंपन्यांत, इंजिनियरांना गेट ही परीक्षा. गेटचा स्कोर ३ वर्षं व्हॅलिड हे खरं, पण बऱ्याच कंपन्या जाहिरातीत त्याच वर्षीचा मागतात, मागच्या वर्षीचा घेऊन बसू नका.

जाहिराती शोधायचं म्हणाल तर टेलिग्राम चॅनलवर येणाऱ्या निम्म्या मेगाभरत्या खोट्या. संस्थेच्या स्वतःच्या साइटवर रिक्रूटमेंट पान असतं ते बुकमार्क करा. आपल्याकडे तर सीबीडी बेलापूरला उतरलं की सिडको आहे, कोकण रेल्वे आहे, कापूस महामंडळाचं मुख्यालय आहे, एमपीएससीचं ऑफिसही आता तिथेच. लोकांना कापूस महामंडळ इथे आहे हे ऐकूनच धक्का बसतो.

घणसोली_सेक्टर९ : खोट्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीतल्या एकाने मुलासाठी 'साहेबांच्या ओळखीने' पैसे भरले. ऑफर लेटर आलं, अशोकस्तंभ, शिक्का, सही, सगळं चोख. फक्त आलं जीमेलवरून. मुलगा जॉइन व्हायला गेटवर उभा, वॉचमन म्हणतो या महिन्यातले तुम्ही पहिले नाही. पोलिसात गेलेत, पैसे अजून नाहीत. त्या घरात आता नोकरी हा शब्द कोणी काढत नाही.

नेरुळची_सून : अरेरे. मुलगा कसा आहे आता?

घणसोली_सेक्टर९ : बरा आहे. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालयात अभ्यासाला बसतो दिवसभर. वडीलच खचलेत जास्त.

ऐरोलीकर : त्याला म्हणावं चिंतामणराव देशमुख संस्थेतही चौकशी कर, ठाणे महापालिकेची आहे, खाजगी क्लासच्या मानाने फार स्वस्त.

@खाडीकाठची, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा भाच्याला पाठवला. तो विचारतोय 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' ठेवू का?

खाडीकाठची : काढून टाक म्हणावं. 'आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी' ही ओळ मला आता झोपेतही म्हणता येते. त्या जागेत काय काम केलं ते लिही. 'डेटा एंट्री' असं नको, कसला डेटा, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, रोज साधारण किती फॉर्म. दोन पानं पुरेत. धर्म, वडिलांचा व्यवसाय, रक्तगट कशाला? नमुन्यात विचारलं तर भरायचं. आणि खाली तारीख, ठिकाण आणि सही. सही नाही म्हणून परत पाठवायचीसुद्धा सोय नसते, सरळ बाजूला जातो अर्ज.

वागळे_इस्टेट : फोटोपण. शर्टवाला. एकाने गोव्याचा क्रॉप करून लावलेला, मागे कोणाचा तरी हात होता खांद्यावर.

घोडबंदरचा_ट्रॅफिक : फोटो २० ते ५० केबीत बसवताना हातच कापायला लागतो 😂

कोपरखैरणे_१४ : नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. क्लार्क टायपिस्टसाठी मराठी टायपिंग ३० चं (मिनिटाला ३० शब्द) सर्टिफिकेट लागतं ना? एमएससीआयटी झालंय, ते चालेल का टायपिंगऐवजी? आणि वाशी बाजूला चांगला क्लास कोणता, माझं वय ३६, उशीर झालाय का?

थर्मो_नको_रे : एमएससीआयटी वेगळं, ते संगणक अर्हतेला. टायपिंगचं मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं शासकीय सर्टिफिकेट हवं. राज्याला खुल्या प्रवर्गात ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयाची अट असते, म्हणजे उशीर नाही पण आरामात बसायलाही वेळ नाही.

नेरुळची_सून : ताई माझ्या जावेने वाशीलाच केलं, क्लासचं नाव व्यनित (खाजगी निरोपात) टाकलंय. सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी कॉलेजची पोरं सगळे कीबोर्ड अडवून बसतात.