सोसायटी ग्रुप: माझा एक ताऱ्याचा रिव्ह्यू कुठे गेला?

ए-३०२: मंडळी, जरा सगळ्यांनी वाचा. मागच्या आठवड्यात एका शॉपिंग साइटवरून एक्स्टेंशन बोर्ड मागवला. चौथ्याच दिवशी इस्त्री करताना जळका वास आला. प्लग ओढला तर निघेना. प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं आणि पांढऱ्या बोर्डावर नाण्याएवढा तपकिरी डाग पडला होता. फोटो काढून एक तारा दिला, सगळं सविस्तर लिहिलं. आज बघते तर रिव्ह्यू गायब! बोर्ड मात्र अजून विकायला आहे, ४.३ तारे मिरवत.

बी-१०१: बाप रे! कुणाला काही झालं नाही ना?

ए-३०२: नाही काकू, घरीच होते म्हणून वाचलो.

सी-५०४: ताई, बोर्डावर इस्त्रीशिवाय अजून काही लावलं होतं का? लोड जास्त झाला की चांगला बोर्डही तापतो.

ए-३०२: काका, फक्त इस्त्री होती, १००० वॅटची. बोर्डावर २५०० वॅट छापलंय.

सी-५०४: मग माल खराबच.

डी-२०२: रिव्ह्यू काढल्याचा मेल आला का?

ए-३०२: आला. "आपला रिव्ह्यू आमच्या नियमांत बसत नाही." बस्स. कुठलं वाक्य बसत नाही, कोण ठरवतं, काही नाही.

बी-६०३: मी काही वर्षं ऑनलाइन माल विकलाय, म्हणून विचारतो. त्यात डिलिव्हरीबद्दल किंवा विक्रेत्याबद्दल काही लिहिलं होतंत का?

ए-३०२: शेवटी एक ओळ होती. पार्सल फाटलेलं आलं आणि विक्रेता फोन उचलत नाही.

बी-६०३: तिथेच अडकलं असणार. बऱ्याच साइट्सवर वस्तूचा रिव्ह्यू वेगळा आणि विक्रेत्याचा फीडबॅक वेगळा. वस्तूच्या रिव्ह्यूत पॅकिंग, कुरिअर, विक्रेता आला की तो नियमाबाहेर धरतात. त्यात विक्रेत्यालाही रिव्ह्यू "रिपोर्ट" करता येतो. पहिली चाळणी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच लावतं, माणूस नंतर बघतो, तोही बघितला तर.

ए-३०२: मग ती एक ओळ काढायची होती ना दादा! आग लागू शकते हे सांगणाऱ्या आठ ओळी कशाला पुसल्या?

डी-२०२: ताई, लिंक टाका ना. मी पण एक बोर्ड बघून ठेवलाय.

डी-२०२: लिंक उघडली. अहो, तोच! कार्टमध्ये आहे. आज रात्री ऑर्डर करणार होते. आमच्याकडे त्यावर बाळाचं स्टरिलायझर लागणार होतं.

ए-३०२: मला हेच सांगायचंय. माझे पैसे परत मिळतील, न मिळतील. पण तो रिव्ह्यू माझ्यासाठी नव्हताच, तुमच्यासाठी होता.

डी-२०२: आणि हे बघा, खाली जाऊन जुने रिव्ह्यू वाचले. "फोनला अगदी फिट बसतं, रंग छान." हे तर मोबाइल कव्हरचे आहेत!

बी-६०३: जुन्या वस्तूचं पान नव्या वस्तूला जोडतात, तारे आयते मिळतात. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, द बाउंटिफुल कंपनीवर याच प्रकारासाठी ६ लाख डॉलर भरायची वेळ आणली होती.

सी-५०४: हे सगळं मान्य, पण दुसरी बाजूही बघा. धंद्यातले शत्रूही खोटे एक तारे टाकतात. साइटने ते काढायचेच नाहीत का?

बी-६०३: काका म्हणतात ते मी भोगलंय. एका रात्रीत सहा रिव्ह्यू आले, सहापैकी एकाचीही खरेदी नव्हती. साइटने काढले म्हणून टिकलो.

ए-३०२: खोटा असेल तर जरूर काढा. पण काढल्याची खूण राहू द्या. सोसायटीच्या हिशेबाच्या वहीत चूक झाली तर आपण पान फाडतो का? आडवी रेघ मारून बाजूला सही करतो. तसंच इथेही दिसू दे, की अमुक तारखेला एक ताऱ्याचा रिव्ह्यू होता, अमुक कारणाने काढला. एखाद्या वस्तूखाली अशा चाळीस रेघा दिसल्या तर घेणारा दोनदा विचार करेल. आत्ता तिथे नुसतं कोरं आहे आणि कोरं म्हणजे लोकांना "तक्रार नाही" असं वाटतं.

सी-५०४: हे पटलं. रेघ राहिली पाहिजे.

ए-४०१: उशिरा वाचतोय. हा प्रश्न कायद्यापर्यंत पोचलाय. फॅशन नोवा या कपड्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवर चार-पाच तारे आपोआप लागायचे आणि त्याखालचे मंजुरीसाठी अडकवून ठेवायचे, असा एफटीसीचा आरोप होता. २०१५ ते २०१९ मध्ये असे लाखो रिव्ह्यू दिसलेच नाहीत. २०२२ साली ४२ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून नियमच आहे. नकारात्मक म्हणून रिव्ह्यू दाबायचे आणि वर "हेच सगळे रिव्ह्यू" असं भासवायचं, हे चालत नाही. युरोपियन युनियनमध्ये मे २०२२ पासून रिव्ह्यू खऱ्या ग्राहकाचे आहेत का, हे कसं तपासता ते सांगावं लागतं. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं.

ए-३०२: ऐच्छिक? ज्यांनी पाळायला हवं ते आपणहून कसे पाळतील!

बी-१०१: मला तर वाटायचं तारे म्हणजे सगळ्यांची सरासरी.

बी-६०३: नाही काकू, काही मोठ्या साइट्स स्वतःच सांगतात की साधी सरासरी काढत नाही. रिव्ह्यू किती नवा, खरेदी खरी का, असं वजन लावतात. म्हणून तारे सोडा, "नवीन आधी" लावून वाचा. आणि ताई, पुन्हा टाका. फक्त वस्तूबद्दल, फोटोसकट. विक्रेत्याचं त्याच्या फीडबॅकमध्ये. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ए-३०२: एक सांगायचं राहिलं. दुपारी विक्रेत्याचा फोन आला होता, आधी एकदाही उचलला नाही तोच. म्हणे पूर्ण पैसे देतो, फक्त रिव्ह्यू पुन्हा टाकू नका. मी म्हटलं पैसे द्या, ते माझे हक्काचे आहेत. रिव्ह्यू टाकणारच.

बी-१०१: शाब्बास गं!

ए-४०१: तो नंबर आणि कॉलची वेळ जपून ठेवा. साइटला तक्रारीत हेही कळवा.

ए-३०२: हे टाकलंय: "१००० वॅटची इस्त्री, दुसरं काहीही जोडलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी सॉकेट वितळलं, प्लग अडकला. बोर्डावर २५०० वॅट लिहिलंय. फोटो बघा." तिथे "तपासणी सुरू" असं दिसतंय.

ए-३०२: शुभ सकाळ. लागला! फोटोसकट.

डी-२०२: "उपयुक्त" दाबलं. बोर्ड कार्टमधून काढला.