मालवणात समुद्रकाठी राहायचंय, आईबाबांना घेऊन (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

बी-४०२ (रात्री ९:१२)
मंडळी, जानेवारीत आईबाबांना घेऊन मालवणला तीन रात्री जायचं ठरतंय. मोठं रिसॉर्ट नको. समुद्रालगतचं लहानसं हॉटेल हवंय, जिथे बाबांना बसल्या जागेवरून समुद्र दिसेल. बाबा एसटीत कंडक्टर होते. वस्तीची गाडी घेऊन मालवणला कितीदा तरी गेलेत, पण रात्री स्टँडवर झोपायचं आणि पहाटे पहिली गाडी काढायची. वाळूत निवांत बसल्याचं त्यांना आठवतच नाही. आता वय ७६, गुडघे दुखतात. कोणी राहून आलंय का?

ए-१०३ (९:१९)
तारकर्लीला जा. वाळू पांढरी, स्वच्छ.

सी-३०५ (९:२१)
ॲपवर फोटो बघून घे ना. रेटिंग बघ, झालं.

डी-२०१ काकू (९:४०)
फोटोवर जाऊ नकोस रे बाबा. आम्ही दोन वर्षांपूर्वी तेच केलं. कोकणातच, गावाचं नाव राहू दे. 'समुद्रासमोर' असं लिहिलं होतं. खोली निघाली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची टाकी. समुद्र बघायला गच्चीवर जायचं. सासूबाई दोन दिवस खोलीतच बसून होत्या. घरी परतल्यावर कोणी विचारलं तर म्हणायच्या, 'छान होतं.' मला अजून वाईट वाटतं त्याचं.
तेव्हा फोन कर. मालकाशी किंवा मालकिणीशी बोल. तळमजल्याची खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, बाथरूमला उंबरा किती, आणि दारातून वाळूपर्यंत पायऱ्या किती, हे स्वतः विचार. लहान हॉटेलात घरचीच माणसं फोन उचलतात, खरं ते सांगतात. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद आहे का तेही विचार.

बी-४०२ (९:४४)
काकू, पायऱ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

ई-१०२ (९:५८)
मालवणाक जातास ता बरा. पण तारकर्लेक कशाक? बाबांचे गुडघे दुखतत ना? दांडीक ऱ्हवा.
(सगळ्यांसाठी मराठीत लिहितो.) तारकर्ली सुंदर आहे, पण बाजार, जेटी, दवाखाना सगळं मालवण शहरात, रिक्षाने सहा-सात किलोमीटर. शहरातच दांडीच्या किनाऱ्यावर खोली मिळाली तर समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. सकाळी कधी रापण ओढताना दिसेल. दोन बाजूंनी दोर धरून वीस-पंचवीस माणसं जाळं काठावर आणतात. बाबांना खुर्ची टाकून द्या, तास कसा जाईल कळणार नाही.
आणि दांडीलाच मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या कामाचा मुहूर्त केला, त्याची पूजा या जागी झाली. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्यात जाणं जमलं नाही तरी इथे होडीत चढायची गरज नाही.

बी-४०२ (१०:०३)
होडीत चढायला कठीण असतं का?

ई-१०२ (१०:०९)
जेटीवरून दहा-पंधरा मिनिटांचाच प्रवास आहे, पण होडी हलत असताना पाय टाकायचा असतो, आणि उतरल्यावर किल्ल्यात चालणं आहे. आईंना जमेल असं वाटतं. जायचं तर सकाळीच जा. जानेवारीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून वाहतो, पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. आत शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी बघा. चारी बाजूंना खारं पाणी आणि या विहिरींना गोडं.
लाइफजॅकेट मात्र बांधून घ्या, खांद्यावर टाकून नव्हे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले. मी तेव्हा गावीच होतो.

ए-१०३ (१०:१४)
हे मला माहीत नव्हतं. तारकर्ली म्हटलं ते घाईत म्हटलं. ई-१०२ म्हणतात ते ऐक.

डी-२०१ काकू (१०:२०)
भरती-ओहोटी बघून तारखा ठरवल्यास का? म्हाताऱ्या माणसाला चालायला ओहोटीची ओली, घट्ट वाळू लागते. सुक्या वाळूत पाय रुततो, गुडघ्यावर जोर येतो.

ई-१०२ (१०:२७)
काकू अगदी बरोबर. आमच्याकडचा हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा भरती-ओहोटीच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही.

बी-४०२ (१०:४१)
कालनिर्णय काढलं. शुक्रवारी सकाळी पोचू, त्या दिवशी द्वितीया. म्हणजे भरती दीडला, ओहोटी सकाळी पावणेआठला. शनिवारी साडेआठ, रविवारी सव्वानऊ. बरोबर ना?

ई-१०२ (१०:४३)
एकदम बरोबर. उधाणाच्या जवळचे दिवस आहेत, सकाळी काठ रुंद मिळेल. यापेक्षा चांगले दिवस शोधून सापडणार नाहीत.

सी-३०५ (१०:४५)
माफ कर, मी फोटो बघ म्हणालो ते वरवरचं होतं. पुढच्या वेळी मीही फोनच करेन. जेवणाचं काय? आई शाकाहारी आहेत ना?

डी-२०१ काकू (१०:५२)
आदल्या रात्री सांगून ठेवायचं. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, घावणे, सोलकढी, सगळं मिळतं. खापरोळी करतात का ते मुद्दाम विचार, नारळाच्या गोड रसातली. आणि मासे मेनूकार्ड बघून मागू नकोस. आज जेटीवर काय आलंय विचार, तेच करायला सांग. वारा असेल त्या दिवशी होड्या जात नाहीत, मग आदल्या दिवशीचा मासा खाण्यापेक्षा उसळ-वडे खावे. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मिळालं तर बाबांना आवडेल.
हो, नळ गंजलेला दिसला, एसीची जाळी खाल्लेली दिसली तर लगेच नाक मुरडू नकोस. खाऱ्या हवेत लोखंड टिकतच नाही. चादरी आणि संडास स्वच्छ आहेत का, ते बघ.

जी-००४ (११:०५)
गाडीची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात. रात्री ठाण्याहून कोकणकन्या, सकाळी कुडाळ. खालचा बर्थ ज्येष्ठांच्या कोट्यातून माग. कुडाळहून मालवण ३० किलोमीटरच्या आसपास, हॉटेलवाल्याला सांगितलं तर तोच रिक्षा पाठवतो.

बी-४०२ (दुसऱ्या दिवशी, दुपारी १:३०)
खोली ठरली! दांडीला, चार खोल्यांचं आहे. ताईंनी फोन उचलला. मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, 'म्हातारी माणसा हत काय? मग खालची खोली देतंय, वरची नको.' वाळूपर्यंत दोन पायऱ्या, बाजूला धरायला कठडा आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, स्टँड किती लांब आहे तिथून? एकदा जाऊन यायचंय.

ई-१०२ (१:३४)
रिक्षाने पाच-दहा मिनिटं. जाऊन या.

डी-२०१ काकू (१:५०)
झाडांना पाणी मी घालीन, चावी माझ्याकडे दे. आणि येताना बाजारातून मालवणी खाजं आण, आल्याचं.