शब्दचर्चा : मृत्युपूजा, प्रेतसाधना आणि ‘मिथक’

प्रश्न : रोलप्लेइंग खेळाची (ज्यात खेळाडू पात्रे होऊन कथा घडवतात) टिपणे मराठीत लिहिताना ‘डेथ कल्ट’ला ‘मृत्युपूजा’ म्हणावे का? आणि ‘मिथ’ला ‘मिथक’ की ‘पुराणकथा’?

उत्तर : सरसकट ‘मृत्युपूजा’ नको, कारण त्याखाली दोन हाडवैरी एकत्र येतात. पाथफाइंडर या खेळाच्या गोलारियन नावाच्या काल्पनिक जगात फरास्मा ही देवी मेलेल्यांचा न्याय करते आणि उठवलेली प्रेते तिला मुळीच खपत नाहीत. उर्गाथोआ मात्र त्याच प्रेतांची देवी. पहिलीच्या पंथाला ‘मृत्युदैवताची उपासना’ म्हणा, दुसरीच्या पंथाला ‘प्रेतसाधना’. हा भेद राखला नाही, तर खेळाडू फरास्माच्या पुजाऱ्यावरच तलवार उपसतात आणि प्रेतांविरुद्धचा सर्वांत भरवशाचा सोबती गमावतात.
लेखनाचे म्हणाल तर सुटा शब्द ‘मृत्यू’, पण समासात ‘मृत्युदैवत’, ‘मृत्युपंथ’. आणि ‘मिथ’ला ‘मिथक’ नको.

पुरवणी : ‘अनडेड’साठी ‘अमृत’ सुचवले जाते. व्युत्पत्ती जुळते, पण वाचकाला सुधाच आठवणार. ‘वेताळ’ही नको, तो भुतांचा अधिपती आणि काही गावांचा देव. ‘उठलेले प्रेत’ लगेच कळते.

उत्तर : ग्लोरांथा या दुसऱ्या काल्पनिक जगातला मृत्युदेव हुमाक्त घेतला की आणखी शब्द लागतात. रोलप्लेइंगमध्ये हे जग १९७८ च्या रूनक्वेस्ट या खेळापासून आहे. हुमाक्तकडे मृत्यूच्या रूनबरोबर (रून म्हणजे दैवी शक्तीचे चिन्ह) सत्याचाही रून आहे. हे सत्य म्हणजे दिल्या शब्दाला जागणे, म्हणून पात्राच्या वर्णनात ‘सत्यवादी’पेक्षा ‘वचनाचा पक्का’ नेमके बसते. त्याच्या उपासकाला मेल्यावर पुन्हा जिवंत करता येत नाही. हे पात्र बनवतानाच खेळाडूला सांगा, गट अडचणीत सापडल्यावर नव्हे.
‘गीअस’ला, म्हणजे देवाने उपासकावर घातलेल्या बंधनाला, ‘व्रत’ म्हणू नये. व्रताचे उद्यापन होते, हे बंधन जन्माला पुरते. ‘आण’ हा शब्द चपखल आहे : देव वर देतो आणि त्यासोबत आण घालतो. टिपणात दोन्ही एकाच ओळीत लिहावीत. वर तेवढा लक्षात राहतो, आण विसरली जाते आणि मग मोडते.

शंका : पण ‘मिथक’ का नको? समीक्षेत तर रूढ आहे.

उत्तर : समीक्षेत ठीक. वर्तमानपत्री मराठीत ‘मिथक आणि वास्तव’ अशी जोडी लागते आणि ‘मिथ्या’ही कानाजवळच असतो. ग्लोरांथात वादळदेव ऑरलांथने मृत्यू हे शस्त्र हाती घेऊन सूर्यसम्राट येल्मला मारले ही घडलेली गोष्ट आहे. वादळाचे भक्त तिला जुलमी राजवटीचा अंत मानतात, सूर्याचे भक्त बंडखोराने केलेली हत्या. दोघांनाही आपापल्या कथेतून खरीखुरी जादू मिळते! तिथे ‘दैवतकथा’ वापरा. ‘पुराणकथा’ म्हटले की अठरा पुराणे डोळ्यांपुढे येतात.
खेळ चालवणाऱ्याने ‘खरे काय घडले?’ याचा निवाडा देऊ नये. तो दिला की एका पंथाची जादू निराधार ठरते. प्रत्येक पंथाची कथा चारपाच ओळींत वेगळी लिहावी : कोणी, कोणाला, कशाने मारले आणि भक्तांना त्यातून काय मिळाले. हीरोक्वेस्टमध्ये पात्र देवाच्या जागी उभे राहून हीच कथा जगते, म्हणून टप्पे ठरलेले हवेत. कुठला टप्पा चुकला तर काय बिघडते तेही आधीच लिहून ठेवा.

पुरवणी : हे सगळीकडे लावू नका. एबेरॉन या आणखी एका खेळाच्या जगात देव आहेत की नाहीत याचा पुरावाच मिळत नाही, तरी पुजाऱ्यांची जादू चालते. तिथे ‘श्रद्धा’ हाच शब्द योग्य. ग्लोरांथात देवांची प्रचिती येते, म्हणून तिथे ‘भक्ती’ किंवा ‘उपासना’.