मदत हवी आहे: जादूच्या ॲनिमेशनपटाचा शेवट जमत नाहीये

पाटी_पेन्सिल:
गोवंडीतली अभ्यासिका, आठवी-नववीची पंधरा मुलं. विषय: 'पैसे मिळतील' सांगून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे भामटे. गोष्टीत खाडीतला खेकडा एका मुलीला मोत्यांचं आमिष दाखवून तिच्या पेटीची किल्ली मागतो. पेटी रिकामी होते, मग समुद्रदेवी येऊन सगळं परत देते. चार मिनिटं होतात. हाताशी दोन मोबाइल, एक लॅपटॉप, तीन आठवडे. काय कापू?

तिरकी_रेघ:
आधी देवी कापा. जादूने घोळ घातला तर चालतो, तो जादूनेच निस्तरला तर पोरांना करायला काही उरत नाही. तुमची किल्ली म्हणजे पिन, आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. गोष्टीतही तसंच ठेवा: मोती ओंजळीत घ्यायचे, किल्लीचं काम काय? शेवटचं दृश्य एवढंच: खेकड्याची पसरलेली नांगी, मुलीची बोटं कमरेच्या किल्लीवर, आणि पडदा काळा. पेटी रिकामी झालेली दाखवूच नका.

चार मिनिटं विसरा. पात्रं जराजरा सरकवत एकेक फोटो काढायचा, ते फोटो जोडले की चित्र हलतं; सेकंदाला १२ फोटो धरले तरी चार मिनिटांचे २,८८० होतात. दीड मिनिटात १,०८० वर भागतं, आणि पात्र स्थिर असेल तिथे एकच फोटो लांबवता येतो. कार्डशीटची पात्रं कापा, सांध्यांना दोऱ्याची गाठ, मोबाइल वरून खाली रोखून घट्ट बांधा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर दर फोटोत उजेड कमी-जास्त होऊन पडदा लुकलुकतो. खिडकीही झाका, ऊन सरकतं. पंखा बंद (हाल होतील, इलाज नाही), वाऱ्याने कागद हलतो. मुंबईच्या दमट हवेत कार्डशीटच्या कडा वळतात, म्हणून पात्रं रात्री जाड वहीखाली दाबून ठेवा.

आवाज मात्र फोटोंच्या आधी रेकॉर्ड करा. कच्ची चित्रं त्यावर लावून बघितलं की कुठे रेंगाळतंय ते कळतं. हे टाळलं की मेहनतीने काढलेले फोटो शेवटी फेकावे लागतात.

खारी_बिस्कीट:
देवीबद्दल +१. पडदा काळा झाल्यावर 'काय शिकलात?' विचारू नका, पाठ केलेली उत्तरं येतात. 'आता ती काय करेल? घरी कोणाला सांगेल?' असं विचारा. मुलीला बावळट दाखवू नका. ज्याच्या घरी असं घडलंय तो पोरगा गप्प बसेल, आणि बोलायला हवं ते त्यानेच. १९३० हा हेल्पलाइन नंबर चर्चेनंतर तुम्ही फळ्यावर लिहा, खेकड्याच्या तोंडी नको. पैसे गेले तर लगेच फोन, कारण रक्कम पुढे वळवली जायच्या आत कळवलं तरच ती खात्यात गोठवता येते.

पाटी_पेन्सिल:
देवी गेली. मुलं मराठी-हिंदी मिसळून बोलतात, संवाद कशात ठेवू?

तिरकी_रेघ:
संवादच काढा. नांगीची टकटक, किल्लीची खुळखुळ, पाण्याचा आवाज. ओठ हलवायचं कामही वाचेल.