पाणी घातल्यावर समतोल सरकतो, की रंग नुसताच फिका होतो?

प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. फेरिक आयन आणि थायोसायनेट आयन यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या लाल आयनाचा प्रयोग आम्ही दर वर्षी करून घेतो. यंदा एका विद्यार्थिनीने समतोल साधलेल्या, म्हणजे आयन जुळणे आणि तुटणे सारख्याच वेगाने चालू असलेल्या, लाल द्रावणात तेवढेच पाणी घातले आणि विचारले, की रंग फिका झाला तो द्रावण विरल झाल्यामुळे, की समतोल खरोखर मागे सरकल्यामुळे? समतोल सरकला असे मी सांगितले, पण ते दाखवून देता आले नाही. शिवाय या अभिक्रियेच्या समीकरणात पाणी नाही आणि तापमान तेच असेल तर समतोल स्थिरांकही (लाल आयनाची संहती, म्हणजे दर लिटरमधील प्रमाण, भागिले दोन्ही सुट्या आयनांच्या संहतींचा गुणाकार) बदलत नाही. मग नुसत्या पाण्याने समतोल का सरकावा?

उत्तर १

आपल्या विद्यार्थिनीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण येथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय विषय स्पष्ट होत नाही.

आधी कारण पाहू. लाल आयन तयार होण्यासाठी एका फेरिक आयनाची आणि एका थायोसायनेट आयनाची गाठ पडावी लागते, तर तो तुटण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते. आकारमान दुप्पट केले की प्रत्येक आयनाची संहती निम्मी होते. त्यामुळे जोडणीचा वेग एकदम चौथाईवर येतो, पण तुटण्याचा वेग निम्माच होतो. त्या क्षणापुरते तुटणे जोडणीपेक्षा दुप्पट वेगाने चालते आणि दोन्ही वेग पुन्हा समान होईपर्यंत लाल आयन कमी होत राहतात. स्थिरांक बदलत नाही हे खरेच आहे, किंबहुना तो बदलत नाही म्हणूनच समतोलाची जागा बदलावी लागते.

आता आकडे घेऊ. समतोल स्थिरांक १४० लिटर प्रति मोल धरू. द्रावणातील इतर क्षारांनुसार हे मूल्य कमीजास्त होते, पण समजण्यासाठी तेवढे पुरे. दोन्ही आयनांची सुरुवातीची संहती ०.००२ मोल प्रति लिटर असेल, तर समतोलाला लाल आयनाची संहती सुमारे ०.०००३७ येते, म्हणजे १८.६ टक्के फेरिक आयन जोडलेले असतात. तेवढेच पाणी घातल्यावर नुसत्या विरलीकरणाने ही संहती ०.०००१९ व्हायला हवी होती, परंतु नव्या समतोलाला ती ०.०००११ भरते आणि जोडलेल्या आयनांचे प्रमाण ११.१ टक्क्यांवर उतरते. आधी असलेल्या लाल आयनांपैकी सुमारे ४० टक्के आयन प्रत्यक्ष तुटले, असा याचा अर्थ होतो. हा तुटलेला हिस्सा म्हणजेच समतोलाचे सरकणे.

उत्तर २

वरील गणिताला जोडून, हे डोळ्यांनी कसे दाखवता येईल ते सांगतो. प्रयोगशाळेत नेसलरच्या सपाट तळाच्या नळ्या असतील तर त्या घ्याव्यात, कारण येथे नळीत बाजूने न पाहता वरून, तळाखाली पांढरा कागद ठेवून पाहायचे आहे. द्रावणात रंगहीन द्रव मिसळला की रंग विरळ होतो, पण द्रवाची उंची त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याच्या नजरेच्या वाटेत रंगीत कण पूर्वीइतकेच राहतात. पोटॅशियम परमँगनेटच्या अतिविरल द्रावणावर हे आधी करून दाखवावे: २५ मिलिलिटरचे ५० मिलिलिटर केले तरी वरून रंग तसाच दिसतो. त्यानंतर थायोसायनेटच्या लाल द्रावणावर तेच करावे. येथे मात्र वरूनही रंग उतरलेला दिसतो, आणि वरच्या आकड्यांप्रमाणे तो मूळ रंगाच्या सुमारे ६० टक्के उरतो. परमँगनेटची नळी शेजारी असल्याने शंकेला जागा राहत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. मूळ द्रावण नायट्रिक आम्लात करावे आणि विरल करतानाही नुसते पाणी न वापरता त्याच संहतीचे नायट्रिक आम्ल वापरावे. आम्लता कमी झाली की फेरिक आयनाचे जलअपघटन (पाण्याशी होणारी अभिक्रिया) वाढते, त्याचा पिवळसर रंग मध्ये येतो आणि आपण नेमका कोणता समतोल पाहत आहोत हेच कळेनासे होते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. याच अनुषंगाने आणखी एक शंका आहे. असेटिक आम्ल विरल केले की त्याचे विचरण, म्हणजे रेणू फुटून आयन होणे, वाढते असे आपण शिकवतो, पण सामू (pH) तर वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. मुले येथे हमखास गोंधळतात.

उत्तर १

‘विचरणाचे प्रमाण’ आणि ‘हायड्रोजन आयनांची संहती’ या दोन वेगळ्या राशी आहेत, हे आकड्यांवरून लगेच पटते. विचरण स्थिरांक ०.००००१८ धरला, तर ०.१ मोल प्रति लिटर द्रावणात १.३ टक्के रेणूंचे विचरण झालेले असते, ०.०१ मध्ये ४.२ टक्के आणि ०.००१ मध्ये १२.५ टक्के. सामू मात्र अनुक्रमे २.९, ३.४ आणि ३.९ असा वाढत जातो. शंभर पट विरल केल्यावर विचरणाचे प्रमाण जेमतेम साडेनऊ पट वाढले, त्यामुळे हायड्रोजन आयनांची संहती साधारण साडेदहा पट घटली. ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडलेला विरलीकरणाचा नियम हाच संबंध सांगतो. येथे एका रेणूपासून दोन आयन होतात, म्हणून समतोल विचरणाच्या बाजूला सरकतो. थायोसायनेटच्या बाबतीत दोनाचा एक होत असल्यामुळे तो उलट दिशेला सरकला.

उत्तर ३

दोन्ही बाजूंना विरघळलेल्या कणांची संख्या सारखी असेल तर काय होते, तेही वर्गात सांगावे. असेटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून इथाइल असेटेट व पाणी होते. या मिश्रणात डायॉक्झेनसारखा अभिक्रियेत भाग न घेणारा द्रावक घातला, तर सर्व संहती एकाच प्रमाणात घटतात, समतोल स्थिरांकाच्या सूत्रातील अंश आणि छेद सारखेच बदलतात आणि समतोल जवळपास जागेवरच राहतो. परंतु त्याच मिश्रणात पाणी घातले, तर ते येथे स्वतःच एक उत्पादित असल्यामुळे एस्टरचे पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल होऊ लागते. पाणी घालणे म्हणजे दर वेळी विरलीकरणच असते, असे मुले धरून चालतात. म्हणून हे उदाहरण थायोसायनेटच्या प्रयोगानंतर लगेच घ्यावे, असे मला वाटते.