गेमक्यूबला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स जोडून चौघांना एकत्र खेळता येईल का?

प्रश्न

आम्हा चार भावंडांकडे मिळून एक गेमक्यूब (टीव्हीला जोडून खेळायचे निन्टेंडोचे यंत्र), एक जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, एक अ‍ॅडव्हान्स एसपी, एक गेम बॉय मायक्रो आणि एक निन्टेंडो डीएस आहे. टीव्हीवर खेळ चालू असताना प्रत्येकाने आपापल्या हातातल्या पडद्याकडे पाहत खेळायचे, असे काही खेळ गेमक्यूबसाठी निघाले होते, आणि आम्हाला त्यांपैकी ‘फोर स्वोर्ड्स अ‍ॅडव्हेंचर्स’ चौघांनी मिळून खेळायचा आहे. दोन गेम बॉय एकमेकांना जोडण्याची केबल घरात आहे, परंतु तिचे टोक गेमक्यूबच्या पोर्टमध्ये बसत नाही. माझ्या शंका तीन आहेत. एका केबलवर चारही यंत्रे जोडता येतात का? प्रत्येक हँडहेल्डमध्ये, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रात, खेळाचे कार्ट्रिज (खेळ साठवलेली, खाचेत बसणारी छोटी पेटी) असावे लागते का? आणि हँडहेल्ड कमी पडल्यास उरलेल्यांनी साधा कंट्रोलर घेतला तर चालेल का?

पहिला प्रतिसाद

तुमच्याकडची केबल दोन हँडहेल्डमधली आहे आणि तुम्हाला हवी असलेली केबल पूर्णपणे वेगळी आहे. तिचे एक टोक गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या पोर्टमध्ये जाते आणि दुसरे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या माथ्यावरील लिंक पोर्टमध्ये. म्हणजे गेमक्यूबच्या दृष्टीने तो हँडहेल्ड एका कंट्रोलरच्या जागी आलेला असतो. त्यामुळे चार पोर्टांना चार हँडहेल्ड आणि चार स्वतंत्र केबली असा सरळ हिशेब आहे. एका केबलला फाटे फोडून काम भागत नाही.

कार्ट्रिजची मात्र गरज नाही, आणि ही त्या रचनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट आहे असे मला वाटते. हँडहेल्ड रिकामा चालू केला की गेमक्यूब एक छोटा प्रोग्राम केबलमधून पाठवतो, तो हँडहेल्डच्या २५६ किलोबाइटच्या मेमरीत जाऊन बसतो आणि यंत्र बंद करताच पुसला जातो. आत एखादे कार्ट्रिज असेल तर हँडहेल्ड स्वाभाविकपणे त्यातलाच खेळ सुरू करतो आणि गेमक्यूब ताटकळत बसतो. कार्ट्रिज काढायचे नसेल तर यंत्र चालू करताना स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे एकत्र दाबून धरावीत. ‘मेट्रॉइड प्राइम’सारख्या खेळांचा प्रकार उलटा आहे, तिथे ‘मेट्रॉइड फ्यूजन’ या हँडहेल्डवरील खेळाशी दुवा जोडायचा असल्याने त्याचे कार्ट्रिज आत असावेच लागते. परंतु तो एकत्र खेळण्याचा प्रकार नव्हे, जोडणीनंतर जादा गोष्टी खुल्या होतात एवढेच.

तिसऱ्या शंकेचे उत्तर निराशाजनक आहे. ‘फोर स्वोर्ड्स अ‍ॅडव्हेंचर्स’ एकट्याने कंट्रोलरवर खेळता येतो, पण दुसरा खेळाडू आला की प्रत्येकाच्या हाती गेम बॉय अ‍ॅडव्हान्स असावाच लागतो. हा निव्वळ अडेलतट्टूपणा नाही. एखादा खेळाडू गुहेत किंवा घरात शिरला की त्याचा खेळ टीव्हीवरून उतरून त्याच्या हातातल्या पडद्यावर जातो, आणि बाकीचे तिघे बाहेर टीव्हीवर आपले काम करत राहतात. कंट्रोलरला पडदाच नसल्याने त्या खेळाडूला आत गेल्यावर काहीच दिसणार नाही. ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’लाही अनेकांनी मिळून खेळताना हीच अट आहे. त्यात एकाच्या पडद्यावर नकाशा, दुसऱ्याच्या पडद्यावर शत्रूंच्या जागा, तिसऱ्याच्या पडद्यावर खजिन्याच्या जागा दिसतात, त्यामुळे एकमेकांना सतत ओरडून सांगावे लागते. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत एका टीव्हीपुढे बसून एकत्र खेळण्याची सोयच काढून टाकली, आणि माझ्या मते त्या खेळाचा अर्धा जीव तिथेच गेला.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तर बरोबर आहे, पण तुमच्या यादीतल्या दोन यंत्रांविषयी सावध करतो. गेम बॉय मायक्रोचा लिंक पोर्ट आकाराने लहान आहे, त्यात ही केबल जात नाही. निन्टेंडो डीएसमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिजे चालतात म्हणून अनेकांचा गैरसमज होतो, परंतु त्याला लिंक पोर्टच दिलेला नाही. म्हणजे तुमच्याकडे प्रत्यक्ष उपयोगी पडणारी यंत्रे दोनच.

गेमक्यूब बिघडला तरी काळजी नको. वी हा निन्टेंडोचा गेमक्यूबनंतरचा कन्सोल, त्याच्या २००६ साली आलेल्या पहिल्या मॉडेलवर झाकणाखाली गेमक्यूबचे चार पोर्ट आहेत आणि तिथे हीच केबल चालते. नंतरच्या मॉडेलांतून मात्र ते पोर्ट काढले गेले, म्हणून जुनी वी घेताना झाकण उघडून पाहावे. गेमक्यूबच्या तळाशी बसणारा आणि गेम बॉयचे खेळ टीव्हीवर दाखवणारा गेम बॉय प्लेअर त्याच गेमक्यूबला चौथा हँडहेल्ड म्हणून वापरता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. तसे होत नाही, कारण तो चालण्यासाठी स्वतःची डिस्क लागते आणि गेमक्यूब एका वेळी एकच डिस्क चालवतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मायक्रो आणि डीएस बाद झाल्यामुळे आम्ही दोन यंत्रांवर आलो आहोत. आणखी दोन एसपी आणि चार केबली मिळेपर्यंत चौघांना एकत्र बसता येईल असे काही आहे का?

पहिला प्रतिसाद देणारा

आहे, आणि हे मी आधीच सांगायला हवे होते. २००३ मधल्या ‘पॅक-मॅन व्हर्सस’ला एकच हँडहेल्ड आणि एकच केबल लागते. पॅक-मॅन होणारा खेळाडू आपल्या हातातल्या पडद्यावर संपूर्ण चक्रव्यूह पाहतो, तर भुते झालेले बाकीचे तिघे साधे कंट्रोलर घेऊन टीव्हीकडे पाहतात, जिथे प्रत्येक भुताला आपल्या आसपासचाच भाग दिसतो. ज्याने पॅक-मॅनला पकडले, तो पुढच्या डावात हँडहेल्ड घेतो. नियम दोन मिनिटांत समजतात. दोघांनाच खेळायचे असेल तर ‘विंड वेकर’मध्येही एक जण कंट्रोलरवर खेळत असताना दुसरा हँडहेल्डवरून त्याला मदत करू शकतो, त्यालाही एकच केबल पुरते.

तिसरा प्रतिसाद

मी थोडा वेगळा सूर लावतो. चार केबली आणि चार जुने हँडहेल्ड जमवण्याच्या खटाटोपापेक्षा तारेविना होणारी जोडणी पाहावी. ‘मॉन्स्टर हंटर ३ अल्टिमेट’मध्ये टीव्हीला जोडलेल्या एका वी यूशी (वीनंतरचा कन्सोल) जवळ बसलेले तीन थ्रीडीएसवाले (डीएसनंतरचा हँडहेल्ड) वायरलेसने जोडले जात, मात्र प्रत्येकाकडे खेळाची स्वतःची प्रत असावी लागे. निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विच या यंत्राने तर हँडहेल्ड आणि घरचा कन्सोल हा भेदच जवळजवळ मिटवला. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये आठपर्यंत स्विच एकमेकांना वायरलेसने जोडता येतात, त्यांतला कोणता डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीत) आहे आणि कोणता हातात आहे याने काही बिघडत नाही.

तरीही एक कबूल केले पाहिजे. या जोडणीत प्रत्येक जण आपापला पडदा पाहतो, तर ‘पॅक-मॅन व्हर्सस’मध्ये सगळे एका टीव्हीपुढे असतात आणि तरीही एकाजवळ इतरांपासून लपवलेले काहीतरी असते. ही मजा नव्या जोडणीत क्वचितच मिळते, त्यामुळे तुमचा हट्ट मला समजतो.

प्रश्नकर्ता

एक केबल मिळाली. पहिल्या दिवशी गेमक्यूबला एसपी सापडतच नव्हता आणि आम्ही केबलला दोष देत बसलो होतो. आत जुने कार्ट्रिज राहिले होते, ते काढताच खेळ सुरू झाला. सध्या ‘पॅक-मॅन व्हर्सस’ चालू आहे, आणि धाकटा पॅक-मॅन झाला की एसपी उशीखाली धरून खेळतो, कारण शेजारी बसलेल्याला त्याचा पडदा सहज दिसतो.