शहर किती सेफ आहे हे मोजतात तरी कसं?

नकाशेवाला: प्लॅनिंगचा प्रोजेक्ट चालू आहे, दोन शहरांची सेफ्टी कम्पेअर करायची आहे. नुसता क्राइम रेट घेतला तर चालेल का? एका शहरात चोऱ्या दुप्पट दिसतायत, पण तिथे लोक तक्रार तरी करतात असं वाटतं.

आकडेमोड: तिथेच तर गोची आहे ना. चोरी, छेडछाड यांचे आकडे रिपोर्टिंगवर अवलंबून, पोलिसांवर विश्वास वाढला की गुन्हे "वाढतात". म्हणून कम्पेअर करायला खुनाचा दर घेतात, दर 1 लाख लोकांमागे, कारण मृतदेह लपवणं अवघड आणि व्याख्याही बऱ्यापैकी सारखी. आणि भागाकार कशाने करतोय तेही बघ, ऑफिसवाल्या भागात राहणारे कमी, दिवसा येणारे लाखभर, मग दर उगाच भयंकर दिसतो.

रात्रपाळी: सेफ्टी म्हणजे फक्त गुन्हे नाहीत रे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या 2021 च्या इंडेक्समध्ये 60 शहरं होती, त्यात डिजिटल, आरोग्य, इन्फ्रास्ट्रक्चर, पर्सनल आणि पर्यावरण असे पाच भाग, कोपनहेगन पहिलं आलं, त्याआधी टोकियो. पण वेटेज बदललं की रँक हलते, त्यामुळे मला रँकपेक्षा सुटे आकडे बरे वाटतात.

नकाशेवाला: मग सर्व्हे?

रात्रपाळी: कर, पण "सेफ वाटतं का" असं मोघम नको. "अंधार पडल्यावर एकटं चालता का, कुठला रस्ता टाळता" असं विचार, बायकांची उत्तरं वेगळी काढ. टाळलेल्या रस्त्यावर गुन्हा नोंदलाच जात नाही, कारण तिथे कोणी फिरकतच नाही!